किती व्होल्ट चालतील?

मार्चअखेरीस नाशिकचा पारा चढू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. थंडीत ‘वेग आणखी किती वाढवता येईल’ असे विचारणारे वाचक आता ‘संगणक मध्येच बंद का पडतो’ असे विचारू लागतात, आणि पुष्कळदा दोन्ही प्रश्न एकाच यंत्राबद्दलचे असतात. या वेळी प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे तो कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, आणि त्यासाठी द्यावयाचे व्होल्टेज या एकाच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर असलेला एक वापरलेला संगणक मी विकत घेतला. आधीच्या मालकाने त्याचे सर्व कोअर (प्रोसेसरच्या आतील स्वतंत्र गणनकेंद्रे) ४.३ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.४ वर कायम करून ठेवले आहे. एक मित्र म्हणतो की हे प्रोसेसर मुळात स्वतःहूनच १.४५ पर्यंत जातात, त्यामुळे १.४ ला काही होत नाही. दुसरा म्हणतो की १.३५ च्या वर जाऊच नये. खरे कोणाचे मानायचे? – एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : आपल्या दोन्ही मित्रांनी सांगितलेले आकडे खरे आहेत, मात्र ते आकडे कोठे लागू पडतात, हे दोघांनीही सांगितलेले नाही.

पहिल्या मित्राचा १.४५ घेऊ. आपला प्रोसेसर मूळ सेटिंगवर असताना पडद्यावर एखादी खिडकी उघडली किंवा एखादे छोटे काम आले, तर एक-दोन कोअर काही क्षणांपुरते ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत उडी घेतात आणि तेवढ्यापुरते व्होल्टेज १.४ च्या वर गेलेले दिसते. त्या वेळी बाकीचे कोअर जवळजवळ झोपलेले असतात, एकूण विद्युतप्रवाह थोडा असतो आणि तापमानही कमी असते. सहाही कोअरना काम लागताच प्रोसेसर स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. ही कमी-जास्त करण्याची सूत्रे त्याच्या आतच आहेत. आधीच्या मालकाने जे केले आहे ते याच्या अगदी उलट आहे, कारण तेथे सहाही कोअर राबत असतानाही १.४ व्होल्ट तसेच राहतात. एकट्या कोअरला क्षणभर चालणारे व्होल्टेज सहा कोअरना तासन्‌तास चालेल, असे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसऱ्या मित्राचा १.३५ हा आकडा बहुधा २०१७ सालचा आहे. पहिले रायझन बाजारात आले तेव्हा रोजच्या वापरासाठी १.३५ व्होल्टपर्यंत जावे, १.४५ पर्यंत गेल्यास चालेल पण आयुष्य कमी होऊ शकते, असा रायझन बनवणाऱ्या एएमडीचा सल्ला होता. ते प्रोसेसर १४ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेले होते. आपला २०१९ सालचा प्रोसेसर ७ नॅनोमीटर प्रक्रियेचा आहे. त्याच्यातील तारा आणि ट्रान्झिस्टर अधिक बारीक आहेत, त्यामुळे जुन्या पिढीचा आकडा जशाचा तसा त्याच्यावर लावता येत नाही. या पिढीत सर्व कोअरवर कायमचा भार असताना जाणकार मंडळी १.३ व्होल्टच्या आसपास थांबतात, आणि मलाही तेच योग्य वाटते.

आता हे ‘का’ ते पाहू, कारण कारण कळले की आकडा पाठ करावा लागत नाही. प्रोसेसर खात असलेली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. समजा, सर्व कोअर ४ गिगाहर्ट्झवर १.२ व्होल्टमध्ये चालतात आणि आपण ते ४.३ वर १.४ व्होल्टमध्ये नेले. १.४ ला १.२ ने भागून वर्ग केला तर साधारण १.३६ येतात, त्याला वेगातील वाढीच्या १.०७५ ने गुणले की १.४६. म्हणजे साडेसात टक्के वेगासाठी सुमारे ४६ टक्के जास्त वीज, आणि त्यातून निघणारी तेवढीच जास्त उष्णता. गळतीने वाया जाणारी वीज यात धरलेली नाही. तीही व्होल्टेज आणि तापमानाबरोबर वाढतेच.

विद्युतप्रवाहाचे गणित तर डोळे उघडणारे आहे. आपल्या घरातील मीटरजवळचा एमसीबी बहुधा ३२ किंवा ४० अँपिअरचा असेल. प्रोसेसरने १.२ व्होल्टला १२० वॅट घेतले की त्याच्यातून १०० अँपिअर वाहू लागतात, आणि तेही नखाएवढ्या सिलिकॉनमधून. इतका दाट प्रवाह सतत वाहत राहिला की इलेक्ट्रॉनांचा लोंढा तारेतील धातूचे अणू हळूहळू पुढे ढकलत नेतो; कोठे पोकळी पडते, कोठे धातू साचतो, आणि तार बारीक होत होत एक दिवस तुटते. इंग्रजीत याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचे जे सूत्र मांडले ते आजही वापरात आहे. त्यानुसार तारेचे आयुष्य प्रवाहाच्या घनतेबरोबर घटते, आणि तापमान वाढले की फार झपाट्याने घटते. वरच्या उदाहरणात प्रवाह सुमारे सव्वापट झाला आणि तापमानही वाढले, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसानच. शिवाय ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा अतिशय पातळ विद्युतरोधक थर जास्त व्होल्टेजने झिजतो ते वेगळेच.

आपण नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो : पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले. ती खूण पाण्याची उंची सांगते. पाण्याला ओढ किती आहे आणि ते किती तास तसेच राहणार आहे, हे सांगत नाही. व्होल्टेजचा आकडा नेमका तसाच आहे. त्याच्या जोडीला प्रवाह, तापमान आणि कालावधी या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय ‘सुरक्षित’ हा शब्द वापरता येत नाही.

उत्पादकाने आपल्या प्रोसेसरसाठी घालून दिलेल्या मर्यादा पाहा : सॉकेटमधून एकूण ८८ वॅट, सततचा प्रवाह ६० अँपिअर आणि क्षणिक प्रवाह ९० अँपिअर. वेग आणि व्होल्टेज हाताने कायम केले की या मर्यादांचा पहारा उठतो. तापमान ९५ अंशांच्या पुढे गेल्यावर वेग कमी होणे, एवढेच काय ते शिल्लक राहते. आधीच्या मालकाने पहारेकऱ्यालाच घरी पाठवले आहे, आणि तो किती महिने घरी होता हे आपल्याला ठाऊक नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, आज रात्रीच बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन मूळ सेटिंग परत आणावी आणि त्यावर प्राइम९५ सारखी पूर्ण भार टाकणारी चाचणी तासभर चालवावी. मूळ सेटिंगवरही संगणक हँग झाला किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाच्या, हार्डवेअरमधील चुका सांगणाऱ्या नोंदी दिसू लागल्या, तर रॅम आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तपासून झाल्यावर प्रोसेसर झिजला असल्याचा संशय घ्यावा. चाचणी नीट पार पडली आणि हौसच असेल, तर व्होल्टेज १.३ च्या आत ठेवून किती वेग मिळतो ते पाहावे, ४.२ मिळाला तरी पुष्कळ झाले. फक्त वेगाचा गुणक वाढवून व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नये. काही मदरबोर्ड अशा वेळी गरजेपेक्षा बरेच जास्त व्होल्टेज देऊन मोकळे होतात.

एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण ती सांगितल्याविना हे उत्तर अपुरे राहील. बायोसमध्ये ‘लोडलाइन कॅलिब्रेशन’ नावाची पायऱ्यांची एक सोय असते. भार आला की प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे खाली येते, बायोसमध्ये १.३५ ठेवले तर भाराखाली १.२८ दिसेल. पुष्कळांना हा दोष वाटतो आणि ही घसरण घालवण्यासाठी ते लोडलाइन सर्वांत वरच्या पायरीवर नेऊन ठेवतात. वास्तविक ही घसरण मुद्दाम ठेवलेली असते. ठिबकवर द्राक्षबाग करणाऱ्यांना ठाऊक असेल की, पंप चालू असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइपलाइनला दणका बसतो. तसेच, भार अचानक गेला की व्होल्टेज क्षणभर उसळते. ती उसळी मर्यादेच्या आत राहावी म्हणून आधी थोडी जागा खाली सोडलेली असते.

हे मी माझ्याच टेबलावर शिकलो. काही वर्षांपूर्वी १४ नॅनोमीटरचा एक चार कोअरचा प्रोसेसर मी दिवाळीत ४.६ गिगाहर्ट्झवर १.३८ व्होल्टमध्ये बसवला आणि लोडलाइन सर्वांत वर ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये १.३८, मदरबोर्डच्या मागे मल्टिमीटर लावला तरी १.३८; मी निर्धास्त होतो. मे महिन्यात तो हँग होऊ लागला. मी १.४२ केले, दोन महिने बरे गेले, पुन्हा तेच. शेवटी सातपूरच्या एका मित्राच्या कारखान्यात ऑसिलोस्कोप लावून पाहिले, तेव्हा भार सुटताना व्होल्टेजला बारीक सुया फुटलेल्या दिसल्या, थेट १.४६ पर्यंतच्या. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. सुई त्याला दिसतच नाही. तो प्रोसेसर आजही चालतो, पण ४.४ च्या वर कधीच स्थिर राहिला नाही. लोडलाइन मधल्या पायरीवर ठेवावी, आणि भाराखाली दिसणारे व्होल्टेज हेच आपले व्होल्टेज समजावे.

प्रश्न : माझ्या वर्कशॉपमध्ये २०११ पासून कोअर आय५-२५००के प्रोसेसरचा संगणक ४.५ गिगाहर्ट्झवर, १.३५ व्होल्टमध्ये चालू आहे. कधी तक्रार नाही. आता चिरंजीवांनी कॅमच्या (यंत्रावरील कापणीचा मार्ग संगणकावर आखण्याच्या) कामासाठी आय५-१३६००के घेतला आहे. त्यालाही १.३५ ठेवावे, असे माझे मत आहे. चिरंजीव म्हणतात की इंटेलच्या माहितीपत्रकात १.७२ लिहिले आहे, म्हणजे वाव भरपूर आहे. – एक उद्योजक, अंबड

उत्तर : आपल्या जुन्या यंत्राचे प्रथम कौतुक. ३२ नॅनोमीटरचा तो प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांचा लाडका होता, आणि १.३५ व्होल्टमध्ये तो इतकी वर्षे टिकला यात मला नवल वाटत नाही. पण त्याचे चार कोअर आणि ९५ वॅटचा हिशेब नव्या प्रोसेसरला लावू नये. १३६००के मध्ये सहा मोठे आणि आठ छोटे असे चौदा कोअर आहेत, आणि उत्पादकाच्या स्वतःच्या मर्यादेतच तो १८१ वॅटपर्यंत जातो. १.२ व्होल्ट धरले तरी हे दीडशे अँपिअर झाले. सर्व कोअर राबत असताना १.३५ कायम ठेवले तर तापमान १०० अंशांच्या सीमेला भिडून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करू लागेल, आणि आपण दिलेले जास्तीचे व्होल्टेज फक्त हवा तापवण्याच्या कामी येईल.

आता चिरंजीवांच्या १.७२ बद्दल. माहितीपत्रकातील तो आकडा म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्यात व्होल्टेजची मागणी कळवण्यासाठी जी संकेतप्रणाली आहे, तिच्या पट्टीचे वरचे टोक होय. आपल्या जुन्या प्रोसेसरच्या पत्रकातही असाच १.५२ हा आकडा होता, आणि त्या काळीही अनेकांनी तो परवाना समजून घेतला होता. मोटारीच्या स्पीडोमीटरवर २२० लिहिलेले असते म्हणून द्वारका सर्कलपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कोणी २२० ने जात नाही.

हा वाद प्रत्यक्ष घडामोडींनीच मिटवला आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की काही परिस्थितीत प्रोसेसरकडून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितले जाते, आणि जास्त व्होल्टेज व तापमानामुळे कोअरमधील घड्याळाचे ठोके पोहोचवणारा भाग झिजतो. परिणामी स्थिर चालण्यासाठी लागणारे किमान व्होल्टेजच वर सरकते. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील नियंत्रक सूचना) काढून १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला अटकाव केला, सप्टेंबरमध्ये आणखी एक सुधारणा दिली, आणि ठरावीक प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या यादीत १३६००के आहे. पत्रकात १.७२ असताना कंपनीलाच १.५५ वर दार लावून घ्यावे लागले, यापुढे चिरंजीवांना वेगळे समजावण्याची गरज पडू नये.

त्यामुळे पहिले काम म्हणजे मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा बायोस घेऊन टाकणे आणि त्यात ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ निवडणे. हा मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. मोठी झिप फाइल उघडताना चूक दाखवली जाणे, किंवा ग्राफिक्स कार्डवर जागा असताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येणे, ही या झिजेची ओळखीची लक्षणे आहेत. ती दिसल्यास व्होल्टेज वाढवून वेळ मारून नेण्यापेक्षा वॉरंटीत प्रोसेसर बदलून घ्यावा. ओव्हरक्लॉकिंग केल्यास ती वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि आपल्या धंद्याच्या दृष्टीने एक वेगळीच बाजू आहे. खेळ खेळणाऱ्याचा संगणक बंद पडला तर तो पुन्हा चालू करतो. अस्थिर प्रोसेसर मात्र दर वेळी बंदच पडतो असे नाही. कधी कधी तो न थांबता चुकीचे उत्तर देतो. कॅममधून निघालेल्या टूलपाथमध्ये एक अंक चुकला तर सीएनसी (संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या) यंत्रावर टूल जॉबमध्ये घुसेल, आणि त्याचा खर्च प्रोसेसरच्या किमतीहून अधिक होईल. कामाच्या यंत्रावर ओव्हरक्लॉकिंग करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसा घालायचाच तर तो प्रोसेसरच्या चांगल्या कूलरमध्ये घालावा.

प्रश्न : मी रायझन ७ ७८००एक्स३डी घेतला आहे. रॅमचे एक्स्पो प्रोफाइल (रॅम पूर्ण वेगाने चालवण्याची तयार सेटिंग) चालू केले तर प्रोसेसर जळतो, असे दुकानदाराने सांगितले. मग पूर्ण वेगाची रॅम घेऊन उपयोग काय? – एक वाचक, सिडको

उत्तर : दुकानदाराने ऐकलेली गोष्ट खरी आहे, पण ती जुनी झाली. एप्रिल २०२३ मध्ये या मालिकेतील काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याची उदाहरणे समोर आली होती. एक्स्पो चालू केले की काही मदरबोर्ड रॅमच्या वेगाला आधार म्हणून एसओसी व्होल्टेज बरेच वर नेत. हे कोअरचे व्होल्टेज नव्हे. मेमरी कंट्रोलर ज्या भागात असतो त्याचे हे व्होल्टेज. त्यानंतर एएमडीने बायोसच्या सुधारणेतून एसओसी व्होल्टेजला १.३ ची कमाल मर्यादा घातली. नवा बायोस टाकावा, एक्स्पो चालू करावे आणि एचडब्ल्यूइन्फो हे आतले आकडे दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून एसओसीचा आकडा स्वतः पाहावा. तो १.३ च्या आत असला की झाले. ६००० वेगाच्या रॅमला बहुधा १.२ ते १.२५ पुरते, त्यामुळे हाताने तेवढे करता आले तर आणखी चांगले.

कोअरचे व्होल्टेज वाढवण्याच्या वाटेला मात्र या प्रोसेसरमध्ये जाऊ नये. यात कोअरच्या चकतीवर जादा कॅशची (प्रोसेसरच्या आतील जलद मेमरीची) दुसरी चकती रचलेली असते, त्यामुळे खालची उष्णता वर कूलरपर्यंत पोहोचायला अडथळा होतो आणि व्होल्टेजची सहनशक्तीही कमी राहते. याच कारणाने २०२२ सालच्या ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने कोअरचे ओव्हरक्लॉकिंग बंदच ठेवले होते.

प्रश्न : आमच्या गल्लीत लाइटचे व्होल्टेज कधी १९०, तर रात्री २५० होते. ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरचे १.३ व्होल्ट यामुळे वर-खाली होत असतील का? स्टॅबिलायझर लावावा का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : होत नाहीत. भिंतीतून येणाऱ्या विजेचे एसएमपीएस १२ व्होल्ट करतो, आणि ते ११.४ ते १२.६ या दरम्यान राहावेत असे प्रमाण आहे. त्या १२ चे १.३ करण्याचे काम मदरबोर्डवर सॉकेटशेजारी असलेले व्हीआरएम करते, आणि ते प्रोसेसरच्या मागणीवर सतत लक्ष ठेवून असते. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे १९० ला त्याचे काही अडत नाही. रोज रात्री २५० होत असतील तर मात्र वीज वितरण कंपनीकडे तक्रार करावी. घरातील इतर उपकरणांनाही ते बरे नाही. स्टॅबिलायझरपेक्षा यूपीएस घ्यावा. बायोस अद्ययावत करताना लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि वरच्या दोन वाचकांना मी नेमके तेच काम सांगितले आहे.

प्रश्न : मी लग्नांच्या व्हिडिओंचे संपादन करते. खोली गच्चीच्या स्लॅबखाली आहे. रायझन ५ ५६००एक्स उन्हाळ्यात ९० अंशांवर जातो आणि पंख्याचा आवाज सहन होत नाही. व्होल्टेज कमी केले तर प्रोसेसर खराब होतो का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : कमी व्होल्टेजने प्रोसेसर खराब होत नाही, आणि या महिन्यातील सर्व पत्रांत मला आपलाच प्रश्न सर्वांत शहाणा वाटला. डिसेंबर आणि मे यांच्यात आपल्या खोलीच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, आणि तो जवळजवळ जसाच्या तसा प्रोसेसरच्या तापमानात मिळवला जातो. जानेवारीत ७२ वर असणारा प्रोसेसर मे महिन्यात ९० वर जाणे यात बिघाड काही नाही. प्रथम कूलरवरील धूळ काढावी आणि थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांची असेल तर बदलावी. एवढ्यानेच काही अंश उतरतील.

मग बायोसमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ शोधावा. व्होल्टेज एका आकड्यावर कायम न करता वेग आणि व्होल्टेज यांचे संपूर्ण कोष्टकच खाली सरकवण्याची ही सोय आहे, आणि प्रोसेसरचे स्वतःचे पहारे तीत शाबूत राहतात. सर्व कोअरसाठी उणे १० पासून सुरुवात करावी. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची असते, म्हणजे हे ३० ते ५० मिलिव्होल्ट झाले. ते ठीक चालले तर उणे १५, मग उणे २०. प्रत्येक कोअरची कुवत वेगळी असते, त्यामुळे मैत्रिणीच्या संगणकावर उणे ३० चालते म्हणून आपल्याकडेही चालेल असे धरू नये.

फसवणूक होते ती चाचणीत. लोक रेंडर लावून बघतात, तो पूर्ण होतो, आणि सेटिंग पक्के झाले असे समजतात. या पद्धतीत चूक बहुधा जड कामात न दिसता हलक्या कामात दिसते, कारण तेव्हाच एखादा कोअर एकटा सर्वाधिक वेगाला जातो. रात्री संगणक काही न करता चालू ठेवावा. सकाळी तो आपोआप रीस्टार्ट झालेला दिसला तर दोन-चार पायऱ्या मागे यावे. चुकीच्या सेटिंगने प्रोसेसर नाही तरी फाइल बिघडू शकते, म्हणून हातातील लग्नाचे चित्रीकरण दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय हा प्रयोग सुरू करू नये. आणि तो पहाटे न करता दुपारी तीन वाजता करावा, स्लॅब पूर्ण तापलेला असताना.